नाव लिहा बाटलीवर

कोल्हापूर, मंगळवार पेठ
ता. २० सप्टेंबर १९७६

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळं सध्या आठांतली सातच अंगं जमिनीला टेकतात. आठवं मनानं टेकलं असं समजावं.) गगनबावड्याचा पाऊस थांबला का, की अजून भिंतीला हात लावला तर हात ओला होतोय? वहिनींचा दमा, तुमचा मोतीबिंदू आणि गोठ्यातली गाभण म्हैस, तिघांचीही खुशाली कळवावी. तिघांना एकाच वाक्यात घातलं म्हणून वहिनींनी रागावू नये, काळजी सारखीच आहे. यापुढं 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे. पण या पत्रात विनंती नाही आणि विशेषही काही नाही. सहज लिहितोय. तुमची बहीण ठीक आहे. नंदिनी आणि बंडू ठीक आहेत. मी तर फारच ठीक आहे, आणि तीच तर सगळी भानगड आहे.

तुम्ही म्हणाल, गेल्या महिन्यात तर यानं कार्ड टाकलं होतं की 'मूत्रपिंडाचा दोष निघाला असून रक्तदाब भयंकर आहे, पुन्हा भेटीचा योग येतो की नाही देव जाणे'. ते कार्ड फाडून टाकावं. तुम्ही बिचाऱ्यांनी ताबडतोब माणसाबरोबर आमसुलं आणि सांडगे पाठवलेत. आमसुलं पोचली. सांडगेही पोचले, पण खारट म्हणून मला दिले नाहीत. ते आक्कांकडं गेले. (आक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. दोन्ही घरांमध्ये भिंत आहे, पण ती नावाला.) तर कार्डात लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, फक्त माणूस चुकला होता. हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि पहिल्यापासून सांगायचं तर एका जागी बसायला पाहिजे, आणि ते मला चार दिवस जमेनासं झालंय. हा कागद तिसऱ्यांदा पुढं ओढलाय.

नागपंचमी झाल्यावर आमच्या गल्लीच्या तालमीत एक शिबिर भरलं. ('शिबिर' वाचून दचकू नका. आम्हीही दचकलो होतो. हल्लीच्या दिवसांत भिंतीवर 'नवरा-बायको दोघांनी यावे, सर्व मोफत' असं दिसलं की माणूस आधी मागचं दार बघतो. निम्मी गल्ली त्याच दिवशी पावण्यांकडं निघून गेली. मी पंचावन्न वर्षांचा, मला धरून कुणाचा काय फायदा, म्हणून मी थांबलो. जास्त लिहीत नाही.) पण हे शिबिर निराळं होतं. डॉ. सयाजी इंगवले म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत, शिरोळकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. ते मोठ्या परीक्षेसाठी प्रबंध लिहिताहेत. विषय असा, की बाईचं आणि पुरुषाचं मूत्रपिंड वेगवेगळं चालतं का, आणि त्यामुळं दोघांच्या रक्तदाबात फरक पडतो का. त्यासाठी त्यांना जोडपी हवी होती. एका घरात राहणारी, एकाच नळाचं पाणी पिणारी, एकाच बरणीतलं मीठ खाणारी. त्यांनी तालमीच्या भिंतीवर खडूनं चित्र काढून समजावलं, की एकाच पाटाचं पाणी दोन वाफ्यांना सोडलं तरी एक वाफा धरून ठेवतो आणि दुसरा सोडून देतो, तसं हे. पुरुषाचं प्रेशर लवकर चढतं, बाईला निसर्गानं पन्नाशीपर्यंत जरा सांभाळलेलं असतं, असा त्यांचा अंदाज. 'आणि पन्नाशीनंतर?' असं मागून कुठल्याशा बाईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेच तर बघायचंय, पण त्या वयाच्या बायका तपासायला येतच नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. (ती विचारणारी कोण, ते मी वळून बघितलं नाही. आता वाटतं, आवाज ओळखीचा होता.)

मी पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क असल्यामुळं मला हे मूत्रपिंडाचं प्रकरण बाकीच्यांपेक्षा लवकर समजलं. गाळणं आलं, व्हॉल्व्ह आला, प्रेशर आलं, आणि गळती तर आलीच. तसं मी डॉक्टरांना बोलूनही दाखवलं, आणि आमच्या खात्यातल्या प्रेशरबद्दल पंधरा मिनिटं माहिती दिली. त्यांनी ती ऐकून घेतली. (जरा उठलो होतो. आत काहीतरी पडल्यासारखं वाटलं. उलथनं होतं.)

आता मुख्य घोटाळा. दाराशी आकाराम नावाचा कंपाउंडर वही घेऊन बसला होता. अतिशय सज्जन माणूस. इतका सज्जन, की बायकांच्या रांगेकडं बघू नये म्हणून त्यानं दिवसभर वहीतून मान वर केली नाही, आणि या सज्जनपणानंच घात केला. वहीत एका जोडप्याला एक नंबर, त्यात नवरा 'अ' आणि बायको 'ब'. नाव सांगायचं, नंबराचा पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, आत जाऊन प्रेशर मोजून घ्यायचं आणि त्याच नंबराची बाटली मागच्या बाजूला जाऊन भरून आणायची. (कशानं, ते वडीलधाऱ्यांना लिहीत नाही.) नाव फक्त वहीत, बाकी सगळीकडं नंबर. बायकांची रांग लहान, म्हणून तुमची बहीण माझ्याआधी पोचली. आकारामनं विचारलं, पूर्ण नाव? ती म्हणाली, पद्मजा. 'पुरतं बोला की वैनी!' झाली का पंचाईत! लग्नाला एकतीस वर्षं झाली, या बाईनं माझं नाव एकदाही तोंडावाटे काढलेलं नाही. मी म्हणजे 'अहो', मी म्हणजे 'हे', मी म्हणजे 'नंदिनीचे बाबा', आणि रागात असली की मी म्हणजे 'सांगा कुणीतरी त्यांना'. आणि बाईच्या पूर्ण नावात तर नवरा मधोमध मांडी घालून बसलेला! त्याला ओलांडून आडनावापर्यंत जायचं कसं? मागच्या बायकांनी ओळखलं आणि 'नाव घ्या, नाव घ्या' असा गलका केला. आक्का सगळ्यांत पुढं, 'उखाण्याबिगर सोडायचं न्हाई हां!' म्हणून. बाहेर नदीचं पाणी वाढलेलं, समोर टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडलेल्या, मागं रांग खोळंबलेली. तिला सुचलं ते ती बोलून गेली:

पंचगंगेला आला पूर, पाणी चढलं घाटावर,
यज्ञेश्वररावांचं नाव लिहा बाटलीवर!

टाळ्या पडल्या, तालीम दणाणली. (मी पुरुषांच्या रांगेत मान ताठ करून उभा होतो. चार जणांनी माझ्याकडं वळून बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.) आकारामनं मान वर न करता, 'बाटलीवर न्हाई वैनी, वहीत लिवतो,' म्हणून लिहिलं: ३१ अ, यज्ञेश्वर आळतेकर. त्याचाही दोष नाही. निम्मे नवरे बायकांना पुढं घालून आपला नंबर लावत होते, त्याला वाटलं हीही त्यासाठीच आलीय. अ चा बिल्ला तिच्या हातात पडला. पाच मिनिटांनी मी पोचलो आणि 'आळतेकर' म्हटलं. 'आळतेकराचं एक झालंय, एक ऱ्हायलंय,' असं म्हणून त्यानं माझ्यापुढं ३१ ब सरकवला. तात्या, मी बत्तीस वर्षं ऑफिसात अ आणि ब ची रजिस्टरं सांभाळली आहेत, मला शंका यायला नको होती का? आली की! पण ती मी तिथल्या तिथं सोडवली. म्हटलं, कोल्हापूरचं शिबिर आहे. अ म्हणजे अस्तुरी आणि ब म्हणजे बाप्या.

चार दिवसांनी डॉक्टर स्वतः घरी आले. ३१ ब ठणठणीत, प्रेशर एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर. ३१ अ मात्र एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे सहा, शिवाय लघवीतून प्रथिनं जाताहेत. (शेवटी लिहिलंच.) वाचताना त्यांनी नंबर नाही, वहीतली नावं घेतली, त्यामुळं आजारी ठरलो मी. डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता, पण आतून गडी खूष होता. कारण सगळं त्यांच्या अंदाजाप्रमाणं आलेलं! पुरुषाचं चढलेलं, बाईचं उतरलेलं, मीठ तेच, पाणी तेच. आमचं जोडपं प्रबंधात पहिल्या पानावर घालणार म्हणाले. मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद. रोज सकाळी पाण्याची एक पांढरी गोळी, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. दुपारी पाय उंचावर ठेवून विश्रांती. तुमची बहीण दाराला टेकून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसला.

पुढचे सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, की घरातला कर्ता माणूस अळणी खाणार आणि बाकीचे त्याच्यासमोर चटकमटक खाणार, हे चालायचं नाही. मीठ बंद म्हणजे सगळ्यांचं बंद. पद्मजेनं एका शब्दानं विरोध केला नाही. उठली आणि मिठाची बरणी आक्कांकडं नेऊन ठेवली. तात्या, ज्या गावात पाहुण्याला पाण्याआधी ठेचा विचारतात, त्या गावात मी बिनमिठाची दोडक्याची भाजी खाल्ली. बिनमिठाची आमटी खाल्ली. ती कुणाची तरी उष्टी असल्यासारखी लागते. बंडू तिसऱ्या दिवसापासून बाहेर मिसळ हाणून घरी 'भूक नाही' म्हणायला लागला. गणपतीत लोक मोदक खाऊन तृप्त, आणि मी मोदक खाऊन वर चिमूटभर मीठ कुठं सांडलेलं दिसतंय का बघतोय. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण खाल्लंच नाही तर माणसानं कशाला जागायचं?

आणि ती गोळी! पद्मजा रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या हातानं माझ्या तळहातावर ठेवायची. गोळी मात्र चांगली होती. गोडसर, तोंडात टाकली की विरघळायची. औषधशास्त्र किती पुढं गेलंय ते त्यावरून कळतं. पण गुण? अरे बाप रे! अर्ध्या तासात व्हॉल्व्ह उघडलाच. ऑफिसात साहेबांपुढं फाइल धरून उभा असताना उघडायचा. कोडोलीला पद्मजेच्या चुलत मावशीकडं निघालो होतो, तर कोल्हापूर ते कोडोली मी एस.टी. चार वेळा थांबवली. चौथ्या वेळी कंडक्टर म्हणाला, 'पावणं, तुमी आपलं चालतच पुढं व्हा, आमी मागनं येतो.' दोनदा चक्कर आली. एकदा तर पायांतला सगळा जोर गेला आणि मला उचलून घरात आणावं लागलं. (बंडू म्हणतो, धरून आणलं. माझ्या आठवणीप्रमाणं उचललं.) दुपारी मी पाय स्टुलावर ठेवून पडायचो आणि पद्मजा वारा घालायची. मागच्या नळावरून पाण्याच्या बादल्या तीच आणायची. मला डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून सांगितलं होतं ना.

इथं एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. याच दिवसांत एकदा ती वारा घालत असताना माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. जोडवी नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, बोटं जरा सुजल्यासारखी वाटतात, घट्ट होतात. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, नवरा इथं मरणाच्या दारात, आणि श्रावणात सवाष्णीनं जोडवी काढायची म्हणजे काय! तिनं पंखा या हातातून त्या हातात घेतला. (आत जाऊन आलो. झोपलीय. दुपारची झोपलीय, तात्या. एकतीस वर्षांत ही बाई दुपारची कधी झोपली नव्हती.)

गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी दोघांना परत बोलावलं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे बावीस आणि अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांना काय आनंद! बिनमिठाचा गुण बघा म्हणाले, सगळ्यांना दाखवतो म्हणाले. मग सहज, तुलनेसाठी, पद्मजेला बसवलं. पट्टा फुगवला, सोडला, परत फुगवला. दुसऱ्या दंडाला गुंडाळला. एकशे साठ आणि अठ्ठ्याण्णव. डॉक्टर हसायचे थांबले. 'तुम्ही ३१ ब ना, वहिनी?' मी मधेच म्हटलं, छे, ब तर मी. ब म्हणजे बाप्या. डॉक्टरांनी हातातला पट्टा असा खाली ठेवला, जसा आमच्या खात्यात ऑडिटर पेन खाली ठेवतो. आकारामला वहीसकट बोलावलं. त्या गृहस्थाला उखाणा अजून तोंडपाठ! त्यानं जमिनीकडं बघत तो सगळा म्हणून दाखवला आणि वर म्हणाला, 'त्यांनीच सांगिटलं की, यज्ञेश्वररावांचं नाव लिवा म्हणून.' डॉक्टर डोकं धरून बसले. म्हणाले, माझ्या मनासारखं आलं होतं म्हणून मी पुन्हा मोजलंच नाही, चुकलं माझं. पोरगा प्रामाणिक आहे. मग मला विचारलं, तुम्ही दुसऱ्याची गोळी सहा आठवडे घेतलीत, तुम्हाला काही झालं नाही? मी चक्कर, एस.टी., सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढं होऊनसुद्धा प्रेशर जागचं हललं नाही, प्रकृती दगडाची आहे तुमची. एरवी हे मी गल्लीभर सांगितलं असतं.

तेव्हापासून घरात सगळं उलटं झालंय. रोगी ती, आणि झोप माझी गेलीय. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली, तर म्हणते, नवरात्र चार दिवसांवर आलंय, घर झाडून कोण काढणार? नऊ दिवसांचे उपास धरणार म्हणते. मी पाण्याच्या बादल्या भरायला गेलो तर आक्का खिडकीतून ओरडल्या, 'काय वो भाऊजी, मेलेला मानूस उठून कामाला लागला व्हय!' मी काल अळणी पिठलं केलं. त्याच्या गुठळ्या बंडूनं मोजल्या. मी तिला पाय स्टुलावर ठेव म्हणतो, ती ठेवते, मी पाठ फिरवली की उठते. मी रात्रंदिवस तिच्या मागं मागं फिरतो. ती म्हणते, तुम्ही एका जागी बसलात तर माझं प्रेशर आपोआप उतरेल. मला बसवत नाही. पेपर घेतो, टाकतो. ऑफिसात तीन वेळा बाकीची पत्रं सोडून हेच पत्र मनात लिहिलं. आणि एक गंमत बघा: मी आजारी होतो तेव्हा गल्लीतून चाळीस माणसं भेटून गेली, शहाळ्यांनी स्वयंपाकघर भरलं. ती आजारी निघाल्यावर आत्तापर्यंत एकट्या आक्का आल्या, त्याही बिनमिठाचं लोणचं कसं घालतात विचारायला.

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. म्हैस व्याली की कळवावं. पत्र सहजच लिहिलंय, उत्तराची घाई नाही.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. आमसुलं उत्तम होती. आणखी नकोत.

दुसरा ता. क. विनंती नाही असं वर लिहिलं खरं, पण एक आहे. डॉक्टरांनी पद्मजेला विचारलं, तुमच्या आईला असं काही होतं का? ती पटकन म्हणाली, छे, काही नव्हतं, वयानं गेली. तात्या, तुमच्या आई गेल्या तेव्हा त्यांचं वय चौपन्न होतं, ते मला ठाऊक आहे. दहाव्याला मी होतो. त्यांचे पाय सुजायचे एवढंही आठवतं. आईंना नक्की काय झालं होतं, किती दिवस, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं खरं खरं लिहा. डॉक्टरांना ते कळणं जरुरीचं आहे. पत्र घरी पाठवू नका, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, आणि आजच्या आज लिहा, बसल्या जागी. पद्मजा आता बावन्न वर्षांची आहे. मी हे कुणाशी बोललेलो नाही. मला फार भीती वाटते, तात्या.

तिसरा ता. क. हे पत्र तिला कळता कामा नये.

---

ती. तात्या,

हे पत्र ह्यांनी खळ लावून पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. नाहीतर मी वाचणार नव्हते. (खोटं. वाचलंच असतं. गेले चार दिवस कागद लपवत घरभर फिरताहेत.)

माझी गाढ झोप बिप लागलेली नव्हती. हे दर पाच मिनिटांनी येऊन माझ्या नाकापुढं बोट धरत होते, श्वास चालतोय का बघायला.

उखाण्यात चूक झाली ती खरीच झाली, मुद्दाम केली नाही. पण आकडा माझाच, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पडद्याआड माझ्या दंडावर पट्टा बांधला तेव्हा नर्स एकशे अठ्ठ्याहत्तर असं पुटपुटली होती. डॉक्टरांनी घरी येऊन तोच आकडा ह्यांच्या नावानं वाचला. मी बोलणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, सगळ्या घराचं मीठ बंद. आणि मी गप्प बसले. तुला आठवतं ना, आईलाही अळणीच सांगितलं होतं. ती सगळ्यांचं खारट रांधून झालं की आपल्यापुरतं वेगळं करायचा कंटाळा करायची आणि उरलेलं खायची. दोन वर्षं तसंच खाल्लं. माझ्या नावावर पथ्य निघालं असतं तर मीही तेच केलं असतं, मी आईचीच मुलगी. ह्यांच्या नावावर निघालं आणि मुख्य पातेलंच अळणी झालं. सहा आठवडे मी पोटभर पथ्याचं जेवले.

गोळ्यांचं मात्र ह्यांना कधीही कळवू नकोस. डॉक्टरांच्या गोळ्या मीच घेत होते. ह्यांच्या हातावर ठेवायचे त्या आक्कांच्या होमिओपॅथीच्या बाराक्षारांच्या पेटीतल्या गोड गोळ्या. आक्का म्हणाल्या, त्यातली कुठलीही द्या, काही होत नाही. परवा नंदिनीनं बाटलीवरचं इंग्रजी वाचलं. ती म्हणते, ते क्षार म्हणजे साधं मीठच. तेव्हा कोडोलीची एस.टी. चार वेळा कशानं थांबली ते मला विचारू नकोस.

डॉक्टरांकडं मी खोटं बोलले ते ह्यांचा चेहरा बघून. तू आईचं सगळं खरं लिही, माझं म्हणणं तेच आहे. ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव. मला कळलेलं नाही असं त्यांना वाटू दे, तेवढाच त्यांच्या जिवाला आधार. उपास मी धरणार नाही. ते नुसतं म्हणते, म्हणजे भांडायच्या निमित्तानं तरी ते जरा एका जागी उभे राहतात.

पुढच्या शिबिरात तोंडानं काही सांगणार नाही. आकारामला देण्यासाठी चिठ्ठी लिहूनच ठेवलीय. लिहायला काही हरकत नसते.

तुझी,
सौ. पद्मजा यज्ञेश्वर आळतेकर

ता. क. जोडवी कालपासून पुन्हा बसताहेत पायात. घालून दोनदा त्यांच्यासमोरून गेले. त्यांचं लक्ष माझ्या नाकाकडं.